दारातली सपात

दारात अडकवलेली जांभळी रबरी सपात फ्रीजर दुरुस्त करणाऱ्या मुनशिकनं ओढून काढली आणि चोराला कॉलर धरून आणावं तशी हातात धरून तो बोकसून मावशीकडे वळला.

"ही काय?"

"सपात," मावशी म्हणाली.

"ते दिसतंय मला. दारात काय करतेय?"

"बसलीय बिचारी. तुझं काय खातेय?"

काय खातेय ते मुनशिकनं सकाळी आठपासून दोन तास पाहिलं होतं. मावशीच्या शेडमधली कालवं साठवायची ही कोल्ड रूम म्हणजे आत उणे पंचवीस. दार बोटभर उघडं राहिलं की समुद्राची दमट हवा आत शिरायची, आणि उन्हाळाभर ती शिरत राहिली होती. आतल्या कॉइलवर बर्फाचा असा थर चढला होता की पंख्याची पाती त्यात रुतून मोटारच जळून गेली. त्यानं तो बर्फ वितळवला, नवा पंखा बसवला, दाराचं रबर पुसलं, पाणी जायची नळी मोकळी केली. आता यंत्र नव्यासारखं घुमत होतं आणि तो घाम पुसून दाराकडे येतो तो सपात पुन्हा जागेवर. मधल्या पाच मिनिटांत मावशीनं ती ठेवून दिली होती.

"माझी सासू सांगायची," मावशी म्हणाली, "ज्या दाराला आतून कडी नाही त्या दारावर विश्वास ठेवू नये."

"आहे की आतून कडी. बारा वर्षं दाखवतोय तुम्हाला."

त्यानं पुन्हा एकदा दाखवली. दाराच्या आतल्या अंगाला मुठीएवढं हिरवं बटण. त्याला जोडलेली दांडी दाराच्या वीतभर जाडीतून आरपार बाहेर येते. आतून बटण दाबलं की दांडी बाहेरची कडी उचलते आणि दार उघडतं. कोणी चुकून बाहेरून दार लावून गेलं तरी आतला माणूस अडकत नाही.

"बघा आता," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दार ओढून घेतलं.

ही तपासणी मुनशिक कधीच टाळत नसे. त्याच्या धंद्यातले पुष्कळ जण बटण दार उघडं ठेवूनच दाबून पाहतात. तो स्वतःला कोंडून घ्यायचा. दिवा बंद करून बटण अंधारात चमकतं का तेही पाहायचा. भीती त्याला दर वेळी वाटायची, बावीस वर्षांत ती गेली नव्हती. दार बसल्याचा तो मऊ आवाज, त्यानंतरची ती शांतता, नाकातले केस ताठ होत जाणं. तो मनात तीन आकडे मोजायचा आणि तळहातानं बटण दाबायचा. आज खट् झालं, दार उघडलं, समोर मावशी सपात हातात घेऊन उभी.

"पाहिलंत?"

"पाहिलं. तू तरणा आहेस, तुझ्या हातात जोर आहे."

"बावन्न वर्षांचा आहे मी, मावशी. पोरगंसुद्धा दाबेल हे."

त्यानं तपासणीच्या फॉर्मवर बटणाच्या कलमापुढे बरोबरची खूण केली. तेवीस कलमं होती, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. खाली शेऱ्याच्या जागी त्यानं गेली बारा वर्षं, वर्षातून दोनदा जे लिहिलं तेच पुन्हा लिहिलं: दारात सपात ठेवतात. ग्राहकाला समज दिली.

दुसऱ्या दिवसापासून कालवांचा हंगाम. पहाटे चौदा बाया फोडायला येणार होत्या, आणि त्याआधी नव्या पंख्याची पूजा झाल्याशिवाय मावशी त्याला हलू देईना. तिनं कोल्ड रूमसमोर चटई घातली. तांदळाच्या पिठाच्या, लाल चवळी पेरून वाफवलेल्या वड्यांचं ताट मांडलं. पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगला. मग माक्कोलीची बाटली हलवून ती पांढुरकी तांदळाची दारू वाटीत ओतली, तीनदा वाकून नमस्कार केला आणि यंत्राच्या चारी कोपऱ्यांना थोडी थोडी शिंपडली.

"आता तू. या यंत्राचा वैद्य तू."

मुनशिकनं नमस्कार केला. त्याला आज बरं वाटत होतं. काम मनासारखं झालं होतं आणि वड्या गरम होत्या. बारा वर्षांचं भांडण मिटवायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही, असं त्याच्या मनात आलं.

"मावशी, इथंच वचन द्या. यापुढे दारात सपात नाही."

"पूजेत असलं काही मागतात का?"

"पंखा नवा आहे. पुन्हा जळला तर ऐन हंगामात जळेल. मग चौदा बायांची कालवं कुठं ठेवाल, उशाखाली?"

मावशीनं त्या सुक्या माशाकडे पाहिलं. मग मुनशिककडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं."

"दिलं वचन. आजपासून सपात दारात नाही. झालं समाधान?"

झालं. इतकं झालं की त्यानं आपली वाटी काठोकाठ भरून घेतली. गाडी चालवायची होती म्हणून ओठाला नुसती लावली, आणि उरलेली सगळी दाराच्या कडीवर ओतली. सगळ्यांचे हात जिथं पडतात तिथं. माक्कोली कडीवरून खाली ओघळेल असं त्याला वाटलं होतं, पण दांडीच्या भोकाशी दोन बुडबुडे आले आणि खाली थेंबसुद्धा पडला नाही.

"बघ," मावशी हसली, "किती तहानलेली होती."

वड्यांची पुडी बांधून देताना ती म्हणाली की जेवण झालं की मागच्या रांगेतली जुनी खोकी पुढे आणून उद्यासाठी जागा करणार आहे. एकटीच. लेक बुसानहून यायचा तो रविवारी. मुनशिकनं फॉर्मवर तिची सही घेतली आणि पूल ओलांडून तो थोंगयंग शहरात आला.

दीड वाजता तो डुकराच्या सूपच्या एका खाणावळीत मागच्या अंगाला उकिडवा बसला होता. इथल्या कोल्ड रूमची कडी रोज सकाळी अडते अशी तक्रार होती. त्यानं आतलं बटण काढून दांडी बाहेर ओढली. दांडीभोवती बांगडीसारखं बर्फाचं कडं बसलं होतं.

"ताई, दार कशानं पुसता?"

"कशानं म्हणजे? पाण्यानं. बादलीभर ओतते आणि फडकं मारते. तेलकट होतं रे."

"कडीवर ओतता?"

"सगळीकडे ओतते."

"कितीदा सांगितलंय, कडीवर पाणी ओतायचं नाही. बाहेर उन्हाळा असू दे नाहीतर काही असू दे, दांडीचं आतलं टोक बर्फातच असतं. पाणी भोकातून आत जातं आणि तासाभरात गोठतं. मग आतून कोणी दाबलं तर..."

वाक्य पुरं करण्याआधी त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. बाहीला माक्कोलीचा आंबूस वास होता.

त्यानं बाही पुन्हा नाकाशी नेली. खाणावळवाली ताई पुढे वाकली.

"काय रे? बरं वाटत नाही का?"

त्यानं खिशातून फोन काढला. मावशीचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. थंडीत बॅटरी बसते म्हणून मावशी आत जाताना फोन बाहेर टेबलावर ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच तिला तसं सांगितलं होतं.

दांडी, बटण, पाने सगळं तिथंच टाकून तो गाडीकडे पळाला. ताई मागून ओरडली, "अरे, माझं दार!" त्यानं ऐकलं नाही.

शहरातून पुलापर्यंत सात मिनिटं, पुलापासून शेडपर्यंत अकरा. पहिल्याच सिग्नलला लाल लागला आणि त्यात तो हिशेब करू लागला. मावशी साडेबाराला जेवते. जेवण पंधरा मिनिटांत आटोपते, ताट विसळून ठेवते. म्हणजे एकच्या सुमाराला आत. आता एक बेचाळीस. अंगात काय असेल? घरातलं फुलाफुलांचं जाकीट. पायात जाड बूट, ते बरं. वय एकाहत्तर, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. पूजा अकराला झाली, म्हणजे गोठायला दोन तास. भरपूर झाले.

त्यानं गावच्या मुखियाला फोन लावला. मागून इंजिनाचा आवाज येत होता.

"मुखिया, कुठं आहात?"

"कालवांच्या तराफ्यावर. का रे?"

"बोकसून मावशीच्या शेडवर कोणी आहे का?"

"कोण असणार? उद्यासाठी सगळे इकडं दोऱ्या ओढतायत. मला किनाऱ्याला यायला अर्धा तास लागेल. झालं काय?"

"काही नाही. या तुम्ही. लवकर या."

काही नाही, असं का म्हणालो, हे त्याला कळलं नाही. पुलावर चढताना त्यानं तातडीच्या मदतीचा ११९ नंबर लावला. रुग्णवाहिका याच रस्त्यानं, त्याच्या मागूनच येणार होती, तरी लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, आत माणूस आहे का? त्याला सांगता येईना. दार बंद आहे का? तेही सांगता येईना. "बटण दबणार नाही," तो म्हणत राहिला, "मीच खूण केलीय, पण बटण दबणार नाही." बाईनं पत्ता विचारून घेतला.

पुलाखाली समुद्र लखलखत होता, तराफ्यांच्या काळ्या ओळी दूरवर गेल्या होत्या. मुनशिकचे हात स्टिअरिंगवर घामानं सरकत होते. ती दार ठोठावत असेल. दारातला वीतभर फोम ठोठावण्याचा आवाज गिळून टाकतो, बाहेर उभ्या माणसालाही नीट ऐकू येत नाही, आणि बाहेर तर कोणीच नाही. बारा वर्षं ती बाई दारात सपात ठेवत होती आणि सुखरूप होती. आज त्यानं ती सपात काढायला लावली. देवासमोर. मोठ्यानं बोलायला लावून. आणि वचन मोडणारी बाई ती नव्हती. नवऱ्याच्या मागं शेड चालवताना तिनं एकाही बाईचा दिवस बुडवला नव्हता, शब्द म्हणजे शब्द. पंधरा वेळा फोन लावून झाला होता. सोळावा वाजत असताना त्यानं तो शेजारच्या सीटवर टाकला.

मोड गं वचन, तो मोठ्यानं म्हणाला. म्हातारे, मोड.

शेडचं फाटक उघडं होतं. आत रेडिओ चालू होता, कोणीतरी नाचरं गाणं म्हणत होतं. टेबलावर उपडं घातलेलं ताट, पुसलेला चमचा, आणि फोन. फोन अजून थरथरत होता. पडद्यावर 'फ्रीजरवाला मुन' अशी अक्षरं.

कोल्ड रूमसमोर चटई तशीच होती. जाड बुटांची खुंटी रिकामी होती, म्हणजे ती आत होती. आणि दाराशी एक जांभळी सपात आडवी पडली होती. एकच. घाईघाईत काढून फेकावी तशी. दुसरी कुठंच दिसत नव्हती. दारापुढे खोक्यांची एक उंच चळत होती आणि तिच्यावरून दाराचा वरचा भाग तेवढा दिसत होता. चौकटीला घट्ट बसल्यासारखा. टांगलेला सुका मासा जराही हलत नव्हता.

"मावशी!" तो ओरडला. रेडिओच्या गाण्यात हाक बुडून गेली.

त्यानं चळत बाजूला ढकलली. दोन्ही हातांनी कडी धरली. ती माक्कोलीनं चिकट झाली होती. बंद कोल्ड रूमचं दार उघडायला केवढा जोर लागतो ते त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. रबर चिकटलेलं असतं, आतली हवा धरून ठेवते. तेवढा सगळा जोर लावून, पाय रोवून, त्यानं दार ओढलं.

दार चिकटलेलं नव्हतंच. ते भस्सकन उघडलं आणि मुनशिक उलटा चटईवर जाऊन आदळला. दारातून काहीतरी उडून त्याच्या मांडीवर पडलं. जांभळी सपात.

पांढऱ्या वाफेत बोकसून मावशी उभी होती. हातात खोकं, डोक्याला टॉवेल, नाक लाल. तिनं जमिनीवरच्या मुनशिककडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या सपातेकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"पकडलंस," ती म्हणाली.

मुनशिकनं मांडीवरची सपात चटईवर ठेवली.

"एवढ्या लांबून माझ्यावर पाळत ठेवायला आलास? बायको नाही का तुला घरी?" खोकं पोटाशी धरून ती बाहेर आली. "दार लावलं होतं मी. खोटं नाही सांगत. आत जायच्या आधी बाहेरून लोटून पाहिलं, आवाज झाला, आणि काढलेली सपात उचलून मध्ये घातली. वाटलं, आजच्यापुरती राहू दे. उद्या एवढ्या बाया असतील, उद्यापासून नाही ठेवणार. देवाला सांगेन मी काय ते. तू फॉर्ममध्ये लिहू नकोस."

मुनशिक उठला. त्यानं खोकं तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

"मावशी, इथं उभ्या राहा. कडीवर हात ठेवा. मी आत जातो. वीस आकडे मोजायचे आणि दार उघडायचं. काही ऐकू आलं नाही तरी उघडायचं."

"कशाला?"

"मोजा."

तो आत गेला. दार बसलं, तोच मऊ आवाज. त्यानं तळहात बटणावर ठेवून दाबलं. हललं नाही. दोन्ही हातांनी दाबलं. खांदा लावला. ते बटण जणू भिंतीतच गाडलेलं होतं. बाहेर मावशी उभी आहे, तिचा हात कडीवर आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी आपण दारावर मुठी मारतोय हे त्याला जरा उशिरानं कळलं.

दार उघडलं.

"वीस कुठले मोजवतायत," मावशी म्हणाली. "बाराला उघडलं."

मग तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. बटणाकडे पाहिलं. त्यावर त्याच्या तळव्याची ओली खूण उमटून गोठली होती. सकाळची रिकामी माक्कोलीची बाटली चटईच्या कडेला होती, तीही तिनं पाहिली. टेबलाजवळ जाऊन तिनं रेडिओ बंद केला आणि उलट्या क्रेटवर बसली.

"मी दाबलं असतं," ती म्हणाली, "आणि मला वाटलं असतं, मलाच येत नाही. मुननं सांगितलंय, पोरगंसुद्धा दाबतं."

मुनशिक तिच्यासमोर चटईवर बसला. इतक्या वर्षांत तो तिच्यासमोर दोन्ही गुडघे टेकून कधी बसला नव्हता.

"माझी चूक झाली, मावशी. ती वाटी मी ओतली."

"ओतायला मी दिली."

"मला कळायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

ती उठली. पूजेच्या उरलेल्या दोन वड्या आणून तिनं त्याच्यासमोर ठेवल्या, आणि पाणी प्यायला दिलं. त्यानं ११९ ला फोन करून बाई सुखरूप आहे असं कळवलं, मुखियालाही कळवलं. मग गाडीतून पाने आणायला गेला, तेव्हा पाने खाणावळीतच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"नवी दांडी आणि पाने घेऊन पहाटे येतो," तो म्हणाला. "बाया यायच्या आधी. तोपर्यंत आत जाऊ नका."

"आणि खोकी? मागची रांग अर्धी राहिलीय."

मुनशिकनं त्या दाराकडे पाहिलं. मग खाली वाकून चटईवरची जांभळी सपात उचलली आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात चौकटीला लावून सरकवली.

"अशी नाही," मावशी म्हणाली. "टाच आत. नाहीतर निसटते."

त्यानं सपात फिरवली, टाच आत घातली, आणि दार दोनदा लोटून पाहिलं. धरत होती.

फॉर्म त्यानं टेबलावर उलगडला. बटणापुढची खूण खोडली, शेजारी वेळ लिहिली. शेऱ्यातली ती बारा वर्षांची ओळही खोडली. मग तेवीस कलमांच्या खाली, छापील चौकटीच्या बाहेर, त्यानं हातानं चोविसावं लिहिलं: सपात. आणि पुढे बरोबरची खूण केली.